फाइल आहे, पण पत्ता चुकलाय

(या भागाचं लिखित रूप. कोड जसा बोलताना वाचून दाखवला, तसाच इथे ठेवला आहे.)

मागून मधूनमधून घरघर ऐकू आली तर माइक बिघडलाय असं समजू नका, ती मेट्रो आहे. मी असल्फ्याला राहतो, घाटकोपर पश्चिमेला. घरात रेकॉर्डिंगला एकच खोली मिळते आणि तिची खिडकी नेमकी त्याच बाजूला आहे. तेव्हा सांभाळून घ्या.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितला होता. 'माझ्या लॅपटॉपवर कोड चालतो, दुसरीकडे कंपाइलच होत नाही, फाइल सापडत नाही म्हणतो.' विंडोजवर लिहिलेलं लिनक्सवर अडतं, फोनवर लिहिलेलं विंडोजवर अडतं. या विषयावर नुसती यादी वाचून दाखवता आली असती. पण मध्यंतरी घरातच एक प्रसंग घडला आणि त्यात या सगळ्या चुका एकाच रात्री, एकामागोमाग एक समोर आल्या. तोच सांगतो.

रविवार होता. रात्री पावणेदहाला माझ्या आतेबहिणीचा फोन. ती पूर्वेला राहते, पंतनगरला. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"दादा, झोपलास का?"

"नाही गं, बोल."

"माझा प्रोजेक्ट चालत नाहीये. म्हणजे चालतोय. माझ्याकडे चालतोय, तिकडे चालत नाहीये."

'तिकडे' म्हणजे कॉलेजचा सर्व्हर. त्यावर उबुंटू. मुलांनी आपला कोड गिटवर टाकायचा, सर्व्हर तो स्वतः उतरवून घेतो, कंपाइल करतो, चालवतो आणि मार्क देतो. रात्री बारापर्यंत मुदत. हिनं संध्याकाळपासून चार वेळा टाकला आणि चारही वेळा शून्य.

प्रोजेक्ट छोटासाच होता. आपली मेट्रोची पहिली लाइन, वर्सोवा ते घाटकोपर, २०१४ साली सुरू झाली ती. तिची बारा स्टेशनं एका फाइलमध्ये ठेवायची, आणि कुठून कुठे जायचं ते विचारलं की मधली स्टेशनं सांगायची. सी प्लस प्लसमध्ये. तिच्या लॅपटॉपवर एकदम मस्त चालत होतं, मला व्हिडिओ कॉलवर करून दाखवलं.

मग जरा गप्प बसली आणि म्हणाली, "सर म्हणतील दुसऱ्याचा कोड उचललाय, म्हणून चालत नाही. मला वाटतं, दादा, हे माझं कामच नाहीये."

हे ऐकून मला कसंतरी झालं. कारण तो लॅपटॉप माझ्या आत्यानं भिशीचे पैसे उचलून घेतलाय, सेकंडहँड. आणि पोरगी खरंच मन लावून करते. तिच्या लॉजिकमध्ये एकही चूक नव्हती. चूक होती फक्त पत्त्यात.

आता पत्ता म्हणजे काय, ते आपल्या भाषेत बघू. घाटकोपर स्टेशनवरून तुम्ही मला फोन केलात आणि मी म्हटलं, "बाहेर पड, डावीकडे वळ, दुसरी गल्ली." तुम्ही पश्चिमेला बाहेर पडलात तर एका ठिकाणी पोचाल आणि पूर्वेला पडलात तर भलतीकडेच. वाक्य तेच, सुरुवात वेगळी. याला म्हणतात रिलेटिव्ह पाथ, म्हणजे तुम्ही कुठे उभे आहात त्यावरून मोजलेला पत्ता. दुसरा प्रकार म्हणजे पूर्ण पत्ता: इमारत, गल्ली, पश्चिम की पूर्व, पिनकोड ४०००८६ की ४०००७७. तो कुठूनही शोधता येतो. याला म्हणतात अ‍ॅब्सोल्यूट पाथ. पण तो पूर्ण पत्ता माझ्या घराचा असतो. तुमच्या गावात ती इमारतच नसते.

कोडमधल्या बहुतेक पाथ एरर याच दोन गोष्टींतून येतात. एक तर पत्ता कुठून मोजायचा ते आपण गृहीत धरलेलं असतं, नाहीतर आपल्या घराचा पत्ता दुसऱ्याच्या गावात शोधायला लावलेला असतो.

चला, परत रविवारच्या रात्रीकडे. मी तिला पहिली गोष्ट सांगितली, "एरर मला वाचून दाखव. 'काहीतरी एरर आलाय' असं नको. अक्षर न् अक्षर वाच."

तिनं वाचलं: मेन डॉट सीपीपी, ओळ तीन, फेटल एरर, 'यूटिल्स बॅकस्लॅश स्टेशन डॉट एच', नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.

बघा, कंपाइलरनं तीन गोष्टी सांगितल्या. कोणती फाइल मागतेय: मेन. कुठल्या ओळीवर मागतेय: तीन. आणि नेमक्या कुठल्या नावानं शोधतेय. ही तिसरी गोष्ट आपण वाचतच नाही. आपण 'नो सच फाइल' वाचतो आणि म्हणतो, "अरे, फाइल तर आहे की!" फाइल असते हो. त्या नावाची नसते.

इथे घोळ होता बॅकस्लॅशचा. विंडोजवर फोल्डर आणि फाइल यांच्यामध्ये उलटी तिरकी रेघ चालते. लिनक्सवर आणि मॅकवर सरळ स्लॅश. लिनक्सला बॅकस्लॅश म्हणजे नावातलंच एक साधं अक्षर वाटतं. म्हणजे तो 'यूटिल्स' फोल्डरमध्ये जातच नाही. 'यूटिल्स\स्टेशन.एच' एवढ्या लांब नावाची एकच फाइल शोधत बसतो. ती सापडणार कुठून?

ही भानगड आली कुठून, तेही सांगतो, म्हणजे लक्षात राहील. युनिक्समध्ये सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून सरळ स्लॅश आहे. मायक्रोसॉफ्टचा डॉस १९८१ मध्ये आला तेव्हा त्यात फोल्डर नव्हतेच. आणि सरळ स्लॅश आधीच दुसऱ्या कामाला लावलेला होता, कमांडचे पर्याय द्यायला. डीआयआर लिहून पुढे स्लॅश डब्ल्यू, तसं. मग १९८३ मध्ये डॉस २.० बरोबर फोल्डर आले, तोवर स्लॅशची जागा अडलेली. म्हणून त्यांनी बॅकस्लॅश घेतला. चाळीस वर्षं झाली, आपण अजून ते निस्तरतोय.

पण चांगली बातमी अशी की, विंडोजवरचे सी आणि सी प्लस प्लसचे कंपाइलर इन्क्लूडमध्ये सरळ स्लॅशही घेतात. म्हणजे सरळ स्लॅश लिहिला की तिन्हीकडे चालतं. बॅकस्लॅश फक्त विंडोजवर. तेव्हा इन्क्लूडमध्ये कायम सरळ स्लॅश, विषय संपला.

तुमच्यापैकी ज्यांनी टर्बो सीवर प्रॅक्टिकल केलीत त्यांना एक ओळ तोंडपाठ असेल. ग्राफिक्सचा प्रोग्रॅम, इनिटग्राफ, आणि त्यात 'सी कोलन डबल बॅकस्लॅश टीसी डबल बॅकस्लॅश बीजीआय'. आम्ही सगळ्यांनी ती फळ्यावरून उतरवून घेतली होती. डबल का, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. तर कारण असं की सीच्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅश एकटा नसतो, पुढच्या अक्षराला धरून त्याचा वेगळा अर्थ होतो. बॅकस्लॅश टी म्हणजे टॅब. बॅकस्लॅश बी म्हणजे बॅकस्पेस. म्हणजे छोट्या अक्षरांत एकेरी बॅकस्लॅशनं 'सी:\टीसी\बीजीआय' लिहिलंत, तर कॉम्प्युटरला दिसतं: सी कोलन, मग टॅब, मग सी, मग बॅकस्पेस, मग जीआय. असला पत्ता कुठल्या पोस्टमनला कळणार? मग स्क्रीनवर यायचं 'ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड' आणि आम्ही शेजारच्या पीसीवर जाऊन बसायचो. पायथनवाल्यांनो, तुम्ही हसू नका. 'सी:\यूजर्स' एकेरी बॅकस्लॅशनं लिहून बघा. बॅकस्लॅश आणि मोठा यू म्हणजे पुढे युनिकोडचा आकडा येणार असं पायथन समजतो आणि प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

तर बहिणीनं सगळे बॅकस्लॅश सरळ केले. परत टाकलं. दहा वाजून वीस मिनिटं. परत शून्य.

"दादा, तोच एरर आहे."

"तोच आहे? नीट वाच."

"ओळ चार. यूटिल्स स्लॅश रूट डॉट एच... अरे, ही दुसरी फाइल आहे."

इथे मी तिला एक गोष्ट सांगितली, तुम्हालाही सांगतो. फेटल एरर आला की कंपाइलर तिथेच थांबतो, पुढचं बघतच नाही. त्यामुळे एक दुरुस्त केलं की दुसरा दिसतो. दिसायला परत लाल अक्षरंच असतात, म्हणून वाटतं काहीच झालं नाही. पण ओळ तीनवरून ओळ चारवर गेलात म्हणजे एक घर पुढे सरकलात.

आता हा एरर मोठ्या-छोट्या अक्षरांचा. फाइलचं नाव होतं मोठ्या आरनं 'रूट', आणि कोडमध्ये लिहिलेलं छोट्या आरनं. विंडोजला फरक पडत नाही. तो नाव जसं दिलं तसं जपून ठेवतो, पण शोधताना मोठं-छोटं सारखंच धरतो. मॅकसुद्धा नेहमीच्या सेटिंगमध्ये तसंच करतो. लिनक्सला मात्र ती दोन वेगळी नावं. लिनक्सच्या स्वतःच्या कर्नेलच्या कोडमध्ये अशा फाइलींच्या जोड्या आहेत, ज्यांच्या नावात फक्त मोठ्या-छोट्या अक्षरांचा फरक आहे. ते कोड विंडोजच्या साध्या फोल्डरमध्ये उतरवलं की जोडीतली एकच फाइल उरते.

बहिणीनं लगेच फोल्डर उघडून नाव बदललं, मोठा आर छोटा केला. परत टाकलं. आणि या वेळी खरंच तोच एरर, तीच ओळ. अकराला दहा कमी होते. तिचा आवाज रडवेला.

इथे मीही पाच मिनिटं अडकलो, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं, गिट! विंडोजवर गिट स्वतःच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवतो की इथे मोठं-छोटं सारखंच आहे. त्यामुळे नुसतं अक्षर बदललं तर त्याला काही बदललंय असं वाटतच नाही. तुमच्या फोल्डरमध्ये नवं नाव दिसतं, पण गिटच्या वहीत जुनंच असतं, आणि सर्व्हरला वहीतलंच मिळतं. वहीत काय आहे ते बघायला कमांड आहे: 'गिट एलएस डॅश फाइल्स'. ती चालवली आणि समोर मोठा आर.

उपाय असा: गिटकडूनच नाव बदलून घ्यायचं, दोन पायऱ्यांत. 'गिट एमव्ही' वापरून आधी काहीतरी तात्पुरतं वेगळं नाव द्यायचं, मग परत 'गिट एमव्ही' करून हवं ते छोट्या अक्षरांचं नाव. मग कमिट, मग पुश. अकरा वाजता कोड सर्व्हरवर कंपाइल झाला. आत्या मागून विचारत होती, "झालं का गं?" आणि ही म्हणाली, "थांब ना आई."

कारण मार्क परत शून्यच होते. या वेळी एरर नव्हता. प्रोग्रॅम चालला आणि त्यानं छापलं: एकूण स्टेशनं ०.

एरर येतो तो बरा, शून्य जास्त वाईट. स्टेशनांची फाइल उघडायला कोडमध्ये लिहिलं होतं 'सी कोलन, यूजर्स, तिचं नाव, डेस्कटॉप, मेट्रो, डेटा, स्टेशन्स डॉट टीएक्सटी'. तिच्या घराचा पूर्ण पत्ता. सर्व्हरवर सी ड्राइव्हच नाही, तिचं नाव नाही, डेस्कटॉप नाही. आणि सी प्लस प्लसचा इफस्ट्रीम फाइल उघडली नाही तरी बोंब मारत नाही, गप्प बसतो. तुम्ही विचारलंत तरच सांगतो. म्हणून फाइल उघडल्यावर पुढच्याच ओळीत तपासा: उघडली का? नसेल तर ज्या नावानं शोधत होता ते नाव छापा आणि थांबा. ही दोन ओळींची सवय लावून घ्या, अर्धी रात्र वाचते.

तिनं पूर्ण पत्ता काढून 'डेटा स्लॅश स्टेशन्स डॉट टीएक्सटी' केलं. कोडब्लॉक्समधून चालवलं, बारा स्टेशनं. खूश झाली. मग खात्री करायला फोल्डरमधल्या तयार प्रोग्रॅमवर डबल क्लिक केलं. शून्य!

"दादा, आत्ता बारा होती!"

मघाशी सांगितलेली डावीकडे वळायची गोष्ट आठवा. इन्क्लूडमधला, म्हणजे अवतरणचिन्हातला पत्ता कंपाइलर आधी त्या कोडच्या फाइलपासून मोजतो. फाइल जिथे राहते तिथून. पण प्रोग्रॅम चालताना जी फाइल उघडतो तिचा पत्ता मोजला जातो तुम्ही जिथे उभं राहून प्रोग्रॅम सुरू केलात तिथून. याला वर्किंग डिरेक्टरी म्हणतात. कोडब्लॉक्स प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये उभं राहून चालवतो, म्हणून बारा. डबल क्लिक केलं की उभी राहायची जागा होते तयार प्रोग्रॅमचा फोल्डर, बिनच्या आत, डीबगच्या आत. तिथे 'डेटा' नावाचं काही नाही, म्हणून शून्य.

एकाच प्रोग्रॅममधले दोन पत्ते दोन वेगवेगळ्या जागांपासून मोजले जातात, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. मला ते नोकरीला लागल्यावर कळलं.

कॉलेजच्या सूचनेत लिहिलं होतं की प्रोग्रॅम प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमधून चालवला जाईल. म्हणजे हिचा नवा पत्ता बरोबर होता. टाकलं. जाण्याची बारा स्टेशनं आली. अकरा वाजून वीस मिनिटं. पण परतीची यादी, घाटकोपर ते वर्सोवा, अजून शून्य.

आणि आता जे सांगणार आहे ते खास आपलं मराठी दुखणं आहे, इंग्रजी व्हिडिओत सहसा सापडत नाही.

प्रोजेक्ट दोघींचा होता. हिच्या जोडीदार मैत्रिणीकडे लॅपटॉप नाही. ती फोनवर टर्मक्समध्ये कोड लिहिते, आणि छान लिहिते. परतीच्या यादीची फाइल तिनं केली होती आणि तिला मराठी नाव दिलं होतं: 'दुसऱ्या_दिशेची_स्टेशनं'. तिच्या फोनवर चालत होतं. माझ्या बहिणीनं दोघींचा कोड एकत्र करताना ती ओळ लॅपटॉपवर स्वतः परत टाइप केली. लॅपटॉपवर चाललं नाही, तेव्हा तिला वाटलं विंडोजला मराठी नावं जमत नसतील, लिनक्सवर चालेल. मराठी नावांनी विंडोजवर त्रास होतो हे खरं आहे, पण इथे तेवढंच नव्हतं.

मी दोन्ही नावं मागवून घेतली, एक फाइलचं, एक कोडमधलं. डोळ्यांना अगदी सारखी. बाइट मोजले तर एक नाव तीन बाइटनी मोठं!

घोळ होता 'दुसऱ्या'मधल्या त्या अर्ध्या चंद्रासारख्या 'र'मध्ये. 'वाऱ्या', 'पुऱ्या', 'दुसऱ्या' यांतला तो र. युनिकोडमध्ये तो तीन प्रकारे लिहिता येतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, मिळून सहा बाइट. दोन, साधा र, खाली नुक्ता, आणि हलन्त, नऊ बाइट. तीन, साधा र, हलन्त, आणि त्यानंतर न दिसणारं एक जोडअक्षरचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर, तेही नऊ बाइट. स्क्रीनवर तिन्ही सारखे. एका कीबोर्डवरून एक येतो, दुसऱ्यावरून दुसरा. लिनक्स तर फक्त बाइट बघतो. त्याच्यासाठी ती वेगळी नावं.

पहिल्या दोन प्रकारांना युनिकोड एकच मानतो, त्यामुळे नॉर्मलायझेशन नावाची प्रक्रिया करून ते सारखे करता येतात. जुन्या मॅकची फाइल सिस्टिम तर नाव साठवतानाच 'ऱ'चे दोन तुकडे करून ठेवायची. पण तिसरा प्रकार नॉर्मलायझेशननंही जुळत नाही.

मग केलं काय? फाइलचं नाव साध्या छोट्या इंग्रजी अक्षरांत केलं, मध्ये अंडरस्कोर. फाइलच्या आत स्टेशनांची नावं मात्र मराठीतच ठेवली, यूटीएफ आठमध्ये. मैत्रिणीला वाईट वाटलं, म्हणाली, "मराठी नाव ठेवलं हे चुकलं का?" चुकलं नाही. मजकूर, कॉमेंट, स्क्रीनवर दिसणारं सगळं मराठीत ठेवा, बिनधास्त. फक्त जे नाव तीन सिस्टिम आणि दोन कीबोर्डमधून प्रवास करणार आहे, ते असं ठेवा की लिहायची एकच पद्धत असेल.

अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी टाकलं. बारा आणि बारा. पूर्ण मार्क. फोनवर दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही, मग आत्याचा आवाज आला, "आता तरी जेवून घे गं."

आता तुमच्यासाठी, फोनवर ऐकणाऱ्यांसाठी आणि फोनवरच कोड लिहिणाऱ्यांसाठी. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे, पण त्यात दोन मोहल्ले आहेत. टर्मक्सचं स्वतःचं घर, तिथे मोठं-छोटं अक्षर वेगळं धरतात. आणि फोनची नेहमीची मेमरी, जिथे तुमचे डाउनलोड आणि फोटो असतात, तिथे सारखं धरतात. शिवाय त्या मेमरीतून तयार प्रोग्रॅम चालवता येत नाही, 'परमिशन डिनाइड' येतं. मुलं तासन्‌तास परवानग्या बदलत बसतात. कोड टर्मक्सच्या घरात हलवा, चालेल. आणखी एक, नेहमीच्या लिनक्सवर 'यूएसआर' आणि 'बिन' हे फोल्डर अगदी मुळाशी असतात. टर्मक्समध्ये ते टर्मक्सच्याच फोल्डरच्या आत असतात. त्यामुळे नेटवरून उचललेल्या स्क्रिप्टमध्ये मुळापासूनचा पत्ता असेल तर तो तिथे अडू शकतो.

विंडोजवाल्यांनो, डब्ल्यूएसएल टाकून घ्या, म्हणजे विंडोजच्या आतच उबुंटू मिळतं. पण कोड लिनक्सच्या घरात ठेवून तपासा. तिथे सी ड्राइव्ह 'एमएनटी स्लॅश सी' म्हणून दिसतो, पण त्या बाजूला मोठ्या-छोट्या अक्षरांची चूक पकडली जात नाही. आणि कोड गिटहबवर उघडा ठेवला असेल, तर गिटहब अ‍ॅक्शन्स वापरून तो उबुंटू, विंडोज आणि मॅक तिन्हीवर फुकट कंपाइल करून बघता येतो. मुदतीच्या रात्री नाही, पहिल्या दिवशीच लावून ठेवा.

हेडर दुसऱ्याच फोल्डरमध्ये असेल तर कोडमध्ये डॉट डॉट स्लॅश, डॉट डॉट स्लॅश अशी शिडी लावू नका. कंपाइलरला 'डॅश मोठा आय' देऊन फोल्डर सांगा. लायब्ररीसाठी 'डॅश मोठा एल'. कंपाइलर नेमका कुठे कुठे शोधतोय ते बघायचं असेल तर 'डॅश व्ही' द्या, तो पूर्ण यादी छापतो. कोडमध्ये पत्ते जोडायचे असतील तर हातानं स्लॅश चिकटवू नका. सी प्लस प्लस १७ मध्ये फाइलसिस्टिम आहे, पायथनमध्ये पाथलिब आहे, ते त्या त्या सिस्टिमप्रमाणे जोडतात. आपण कुठे उभे आहोत तेही त्यांनाच विचारता येतं.

फाइलच्या नावात स्पेस नको, मेक त्यावर अडखळतो. 'ऑक्स', 'कॉन', 'नल' अशी नावं नको, डॉसच्या काळापासून विंडोजनं ती स्वतःसाठी राखून ठेवली आहेत. आणि फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असं करू नका, कारण विंडोजवर पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांच्या पुढे गेला की अनेक टूल हात वर करतात.

लिनक्सच्या साध्या कमांड मराठीतून शिकायच्या असतील तर आपल्या शेजारच्याच पवईहून, आयआयटी बॉम्बेच्या स्पोकन ट्यूटोरियलमधून शिका. मराठीत आहेत, फुकट आहेत.

आता शेवटचं. त्या रात्रीनंतर पंधरा-वीस दिवसांनी बहिणीचा मेसेज आला. वर्गातल्या एका मुलाचं सर्व्हरवर शून्य येत होतं, आणि तो म्हणत होता, माझ्याकडे चालतंय. हिनं त्याला पहिला प्रश्न विचारला, "एररमध्ये नाव काय लिहिलंय? अक्षर न् अक्षर वाच." मोठा एस निघाला. हिनं मला फोन केला नाही, तिथेच सोडवून मोकळी झाली. मला नंतर सांगितलं, तेही सहज, दुसरंच काहीतरी बोलताना.

'हे माझं कामच नाहीये' असं तुम्हालाही एखाद्या रात्री वाटलं, तर आधी बघा की अडलंय काय. कोड अडलाय की पत्ता? पत्ता अडला असेल तर तो शोधता येतो.

तुमच्याकडे असा न सुटलेला एरर असेल तर पाठवा, पण स्क्रीनशॉटचा कोपरा कापून नको. पूर्ण ओळ पाठवा. पुढच्या भागात त्यातले दोन-तीन आपण मिळून सोडवू. तोपर्यंत भेटू, आणि हो, मेट्रोचा आवाज जास्त आला असेल तर तेही कळवा. काळजी घ्या.